भयाची प्ररोचना

भय हा भाव कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर भारतीय नाट्यविचाराने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात भयाची व्याख्या करताना भरत आरंभी त्याची कारणे सांगत नाही. ते कोणाच्या ठायी वसते हे सांगतो. भय स्त्रियांचे आणि नीच प्रकृतीच्या पात्रांचे, असा त्याचा निर्णय आहे. कारणांची मोजदाद त्यानंतर येते : गुरूचा अथवा राजाचा अपराध, श्वापदे, शून्य गृह, अरण्य, पर्वत, हत्ती, सर्प, निर्भर्त्सना, अभ्राच्छादित दिवस, रात्रीचा अंधकार, घुबडांचे व निशाचरांचे आवाज. ही यादी वाचणाऱ्यास एखाद्या भयपटाच्या ट्रेलरसाठी केलेले सामानाचे टिपणच हाती आल्यासारखे वाटावे. ओसाड वाडा आहे, रान आहे, काळोख आहे, घुबडही आहे. यादीच्या अग्रभागी असलेली गोष्ट तेवढी या टिपणात सहसा नसते. गुरूचा व राजाचा अपराध हे भयाचे पहिले कारण म्हणून भरत नोंदवितो. भयाचा एक उगम सत्तेच्या संबंधात आहे, याची त्याला जाण होती असे त्यावरून म्हणावयास हरकत नाही. ट्रेलरने भरताच्या व्याख्येचा पूर्वार्ध जसाच्या तसा उचलला आहे. भय स्त्रीचे आणि खालच्या माणसाचे, हे त्याला मान्य आहे. ज्या कारणामुळे ते त्यांच्या वाट्याला येते, ते कारण मात्र त्याने गाळले आहे.

‘नीच प्रकृती’ ही संज्ञा भरताने शीलाच्या अंगाने योजली आहे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो काही अंशी खरा आहे. परंतु रंगभूमीवर या कोटीत जी पात्रे वावरतात त्यांत सेवकवर्गाचा भरणा मोठा असतो, आणि शील व सामाजिक स्थान यांच्यातील भेद नाट्यव्यवहारात फारसा शिल्लक राहत नाही. शिवाय गुरू व राजा यांच्यापुढे जे भय प्रकट होते त्याला भरताने ‘कृतक’ म्हटले आहे. थोरांचे भय हा शिष्टाचार आणि लहानांचे भय हा स्वभाव, अशी ही वाटणी आहे.

ट्रेलर ही जाहिरात. तिची समीक्षा कशासाठी, असाही प्रश्न विचारला जाईल. संस्कृत नाट्यप्रयोगात प्रेक्षकांचे चित्त नाटकाकडे वळविण्यासाठी ‘प्ररोचना’ नावाचे अंग योजलेले असे, आणि नाट्यशास्त्रकारांनी त्याचा विचार नाटकाच्या अंगांबरोबरच केला आहे. ट्रेलर ही चित्रपटाची प्ररोचना होय. पूर्वी ती चित्रपटगृहातच भेटत असे. आता ती हातातील फोनवर, न बोलावता येते. परिणामी भयपटाच्या वाटेला कधीही न जाणारा मनुष्यही भयपटांचे ट्रेलर मात्र पाहतो. त्याच्यापुरती ती दोन-तीन मिनिटे हीच संपूर्ण कृती असते. चित्रपटात पुढे जे उलगडते, जे उलटते, ज्याचे परिमार्जन होते, ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

या प्रकाराचा सर्वांत बोधक नमुना १९६० सालचा आहे. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’चा सुमारे साडेसहा मिनिटांचा ट्रेलर हा चित्रपटातील दृश्यांचा तुकडेवजा संग्रह नाही. हिचकॉक स्वतः सूत्रधार होऊन येतो आणि एखाद्या ऐतिहासिक वास्तूची माहिती सांगावी तशा गृहस्थी थाटात प्रेक्षकाला बेट्सच्या मोटेलमधून आणि मागच्या घरातून फिरवून आणतो. हा जिना, येथे दुसरा खून झाला. ही बाईंची खोली, पलंगावर तिच्या देहाचा ठसा अजून आहे. हे स्नानगृह, आता ते धुऊन स्वच्छ केले आहे. बोलता बोलता तो वाक्य अर्धवट सोडतो, तोंड वाकडे करतो, पुढे चालतो. मुलाविषयी तो हळहळ व्यक्त करतो. अशा माथेफिरू स्त्रीच्या जरबेखाली वाढल्यावर कोणाचेही असेच व्हावयाचे, असे सुचवितो. शेवटी तो स्नानगृहाचा पडदा बाजूला सारतो आणि एक स्त्री किंचाळते. तेवढ्यावर फेरफटका संपतो.

शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराबरोबर नटी आहे. ती गाते, आणि तिच्या गाण्याने सूत्रधार इतका भारावतो की कोणते नाटक करावयाचे हेच विसरतो. हिचकॉकच्या प्ररोचनेत बोलण्याचा अधिकार सूत्रधाराकडे आणि किंचाळण्याचा स्त्रीकडे, अशी वाटणी आहे. यातील एक तपशील विलक्षण आहे. चित्रपटात स्नानगृहात मारली जाते ती जॅनेट लीने साकारलेली मॅरियन क्रेन. ट्रेलरमध्ये किंचाळते ती व्हेरा माइल्स, जी चित्रपटात मॅरियनची बहीण आहे. केसांचा टोप घालून ती तेथे उभी राहिली, आणि प्रेक्षकांचे काही अडले नाही. ज्ञान, विनोद, सहानुभूती यांना एक विशिष्ट पुरुष लागला. किंचाळण्यास कोणतीही स्त्री चालली.

मॅरियन त्या मोटेलपर्यंत आली कशी, याविषयी साडेसहा मिनिटांत चकार शब्द नाही. ती फीनिक्स शहरातील एका घरजमिनीच्या कचेरीत नोकरी करणारी मुलगी. तिच्या प्रियकराचे उत्पन्न वडिलांचे कर्ज आणि घटस्फोटित पत्नीची पोटगी यांत संपते, म्हणून लग्न लांबणीवर पडलेले. अशा वेळी एक श्रीमंत गिऱ्हाईक कचेरीत बसून चाळीस हजार डॉलर रोख मोजतो, आणि ती रक्कम बँकेत भरण्यासाठी तिच्या हाती येते. चित्रपटाचा पहिला तृतीयांश याच पैशाचा आहे. ट्रेलरमध्ये त्यातले काहीही उरत नाही. नोकरदार मुलगी गळून पडते आणि नुसता देह राहतो. त्याहून अधिक अन्यायाची गोष्ट आईची. जिच्यावर हिचकॉक सारा रोख धरतो ती स्त्री कथेच्या आरंभापूर्वीच मेलेली आहे. खून मुलाने केलेले आहेत. गुपित फुटू नये म्हणून सूत्रधार एका मृत स्त्रीवर आळ घेतो, आणि प्रेक्षकाला तो आळ क्षणभरही अशक्य वाटत नाही. हिचकॉकची कारागिरी निःसंशय मोठी आहे. परंतु ती ज्या तयार समजुतीवर उभी राहिली ती त्याने निर्माण केलेली नव्हती.

‘गुपित’ हाच या प्रश्नाचा गाभा होय. ट्रेलरने परिणाम दाखवावा आणि कारण झाकावे, ही व्यापाराची साधी गरज आहे. कारण कळले तर तिकीट कोण काढील? पण भयपटाचे कारण बहुधा सामाजिक असते, ही गोष्ट येथे आडवी येते. कमाल अमरोही यांच्या ‘महल’मध्ये (१९४९) त्या ओसाड वास्तूत हिंडणारी छाया हे भूत नसून माळ्याची मुलगी आहे, हा शेवटचा उलगडा आहे. त्या वाड्यात राहूनही जिचा त्या वाड्यावर कोणताच हक्क नाही, तिला मालकाच्या नजरेस पडावयाचे तर मेलेली होऊनच पडावे लागते. हिंदी चित्रपटातील वर्गविषयक विधानांत यापेक्षा तीव्र विधान क्वचितच सापडेल. आणि ते झाकून ठेवणे हा चित्रपटाच्या रहस्याचाच भाग आहे. रिडली स्कॉटच्या ‘एलियन’चा (१९७९) ट्रेलर संवादविरहित आहे : अंडे, बोगद्यासारख्या वाटा, धावणारी माणसे, भोंग्यासारखा वाढत जाणारा आर्त ध्वनी. चित्रपटात मात्र ही माणसे मालवाहू यानावरचे नोकर आहेत, यंत्रावर काम करणारे दोघे बोनसाच्या वाट्यासाठी सारखी हुज्जत घालतात, आणि प्राणी हाती लागला तर नोकर गेले तरी चालतील असा कंपनीचा गुप्त हुकूम असल्याचे रिप्लेला पुढे कळते. भय कशाचे, याचे चित्रपटाने दिलेले उत्तर ‘प्राण्याचे’ असे एकपदी नाही.

राम गोपाल वर्मा यांच्या ‘भूत’चे (२००३) उदाहरण मुंबईच्या वाचकास अधिक जवळचे वाटेल. त्याच्या प्रसिद्धीत मनावर ठसतो तो उर्मिला मातोंडकर यांचा विस्फारलेला चेहरा. उंच इमारतीतील एक फ्लॅट, तरुण नवराबायको, आणि बायकोच्या अंगात येणारी मृत स्त्री. ती मृत स्त्री कोण? एकटीने मुलासह राहणारी भाडेकरू. तिच्या मरणास कारण झाला घरमालकाचा मुलगा, आणि तिच्या मुलास मारण्याचे काम पैशासाठी केले इमारतीच्या रखवालदाराने. मुंबईत घर मिळणे, एकट्या स्त्रीला ते मिळणे, मालकाची मर्जी, रखवालदाराचे दारिद्र्य, इतका मोठा ऐवज त्या एका किंकाळीमागे आहे. झाड लागलेल्या स्त्रीचा चेहरा पाहून प्रेक्षक दचकतो. घरमालक त्याला दिसतही नाही.

अभिनवगुप्ताने भयानक रसाच्या प्रतीतीसाठी निवडलेले उदाहरण येथे मुद्दाम आठवावे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील, मान वळवून मागे पाहत धावणारे हरिण त्याने घेतले. त्या चित्रात बाणाच्या टप्प्यात आलेले जनावर जसे आहे, तसा त्याच्यामागे रथातून येणारा राजाही आहे. भयग्रस्त प्राणी आणि भय देणारी सत्ता ही दोन्ही प्रेक्षकाच्या एकाच दृष्टिक्षेपात येतात, आणि म्हणूनच ते भय हरिणाचे किंवा स्वतःचे न राहता सर्वसाधारण होते. ट्रेलरमध्ये हरिण असते, रथ नसतो. तेथे साधारणीकरण घडत नाही. प्रेक्षक एकतर दचकतो किंवा त्या देहाकडे पाहत राहतो. (चित्रपटगृहात दाखवावयाच्या ट्रेलरलाही १९५२ च्या कायद्याखाली प्रमाणपत्र लागते. जे दाखविणे अवघड ते ऐकविले जाते. किंकाळीला कात्री लावणे कठीणच.)

स्त्रीनंतर भरताच्या व्याख्येतील दुसरा मानकरी म्हणजे खालचा माणूस. हिंदी भयपटात तो कंदील घेऊन येतो. रामसे बंधूंच्या परंपरेत आणि तिच्या असंख्य अनुकरणांत वाड्याचा म्हातारा चौकीदार, घरची मोलकरीण, गावचा टांगेवाला यांना संकट आधीच ठाऊक असते. ते सांगतात, आणि शहरातून आलेले धनी हसतात. ट्रेलर या इशाऱ्याचा उपयोग पुष्कळ करतो, कारण चार शब्दांत वातावरण उभे करण्याची सोय त्यात आहे. ज्ञान या माणसापाशी आहे. पण ते ज्ञान मानले जात नाही, त्याला अडाणीपणा म्हणतात. आणि इशारा खरा ठरतो तेव्हा पहिला बळी बहुधा तोच असतो.

या पात्राचा पूर्वज संस्कृत रंगभूमीवर आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात अदृश्य मातली राजवाड्याच्या गच्चीवर विदूषकाची मान पकडतो आणि विदूषक ओरडत सुटतो. प्रेक्षकास हसू येते. मातलीचा हेतू काय, तर शोकात बुडालेल्या दुष्यंताचा क्रोध जागवून त्याला युद्धास नेणे. विदूषकाचे भय हे राजाच्या वीरश्रीचे सरपण आहे. भयपटातील चौकीदाराचे मरण नेमके हेच कार्य करते. त्याचे भय त्याच्यासाठी नसते.

अमर कौशिक यांच्या ‘स्त्री’च्या (२०१८) ट्रेलरचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. तो आला तेव्हा त्याचे स्वागत भूमिकांची अदलाबदल म्हणून झाले, आणि ते अकारण नव्हते. मध्यप्रदेशातील चंदेरी गावात उत्सवाच्या दिवसांत एक ‘स्त्री’ रात्री येते आणि पुरुषांना घेऊन जाते. मागे त्यांचे कपडे तेवढे उरतात. घरांच्या भिंतींवर तिला उद्या येण्याची विनवणी लिहिलेली आहे. रात्री एकट्याने बाहेर पडू नये, कोणी हाक मारली तरी वळून पाहू नये, हा आजवर मुलींना केलेला उपदेश येथे पुरुषांना केला जातो. कल्पना चतुर आहे, आणि तिच्यातील उपरोध ट्रेलरमध्येही पोहोचतो.

परंतु भय पुरुषाकडे गेल्याबरोबर रस बदलतो, ही गोष्ट तितकीशी लक्षात घेतली गेली नाही. स्त्री घाबरते तेव्हा भयानक. पुरुष घाबरतो तेव्हा हास्य. शिवाय हा पुरुष कोण? बायकांचे कपडे शिवणारा शिंपी आणि त्याचे छोट्या गावातले, फारशी मिळकत नसलेले मित्र. म्हणजे भरताची वाटणी उलटली असे वरवर दिसत असतानाच तिचा उत्तरार्ध उपयोगात आला आहे. स्त्रीच्या जागी नीच प्रकृतीचा पुरुष आला, विदूषक आला. राजकुमार राव आणि पंकज त्रिपाठी यांचा अभिनय इतका नेमका आहे की हा प्रश्न हसण्यात बुडून जातो. जमीनदार किंवा मोठा अधिकारी असाच थरथर कापताना दाखविला असता तर प्रेक्षक हसला असता काय? कदाचित हसलाही असता. पण ते हसू वेगळे झाले असते. आणि येथेही गुपित आहेच. ती ‘स्त्री’ म्हणजे एक वेश्या होती. तिच्यावर प्रेम करून तिच्याशी लग्न करणारा एक पुरुष तिला भेटला, आणि लग्नाच्या रात्रीच गावाने दोघांना मारले. वेश्येला पत्नी होऊ द्यावयाचे नाही, हा गावाचा निर्णय चित्रपटात भयाचे मूळ आहे. ट्रेलरमध्ये मूळ नाही, चेटूक आहे.

अमेरिकन समीक्षक कॅरल क्लोव्हर हिने १९९२ सालच्या ‘मेन, विमेन अँड चेन सॉज’ या ग्रंथात अशा चित्रपटांच्या शेवटी जिवंत राहणाऱ्या मुलीचा विचार केला, तो सर्वत्र उद्धृत होतो. त्याच ग्रंथातील शहर आणि खेडे यांच्या संबंधाचे विवेचन मात्र त्या मानाने कमी वाचले जाते. शहरातील सुखवस्तू माणसे खेड्यात जातात, तेथील दरिद्री माणसे त्यांना भयंकर दिसतात, आणि त्या भयंकरपणाच्या तळाशी शहराने खेड्याचे जे घेतले आहे त्याची टोचणी असते, असा तिचा आशय आहे. मराठीत हे विवेचन ताडून पाहण्यासारखी कृती आहे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) आणि त्यांनीच केलेले त्याचे हिंदी रूपांतर ‘छोरी’ (२०२१).

शहरातील नवरा कर्जात बुडालेला आहे. सावकारांपासून लपण्यासाठी तो गरोदर बायकोला घेऊन आपल्या ड्रायव्हरच्या गावी जातो. चहूकडे उसाचे फड, मधोमध एकटे घर, घरात ड्रायव्हरची बायको. ट्रेलरला याहून अधिक काय हवे? उसातून पळणारी गर्भवती, मुलांची हाक, म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईचे गोड बोलणे. भयाचा विषय जन्मास येण्यापूर्वी अथवा येताच मारलेल्या मुली हा आहे, आणि तो निवडण्यात दिग्दर्शकाने धैर्य दाखविले आहे, यात शंका नाही. तथापि ट्रेलरपुरता पाहणाऱ्याच्या मनावर जे चित्र उमटते त्याचा भूगोल तपासावा. सुशिक्षित शहरी स्त्री भयभीत. ड्रायव्हरचे घर भयंकर. भय ग्रामीण, अशिक्षित, रूढिग्रस्त, आणि त्याचा पहारेकरीही एक स्त्रीच. आता महाराष्ट्राचाच अनुभव पाहावा. गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा कायदा या राज्याला १९८८ साली, देशाच्या १९९४ च्या कायद्याच्याही आधी, करावा लागला. तो उसाच्या फडातील सुईणींसाठी केलेला नव्हता. चाचणी यंत्रावर होते, यंत्र दवाखान्यात असते, आणि त्यासाठी पैसे मोजणाऱ्यांत शिकलेल्या, पगारदार कुटुंबांची वाण नव्हती. शहरी प्रेक्षकाने घरबसल्या पाहावयाच्या ट्रेलरने ते भय ड्रायव्हरच्या घरी नेऊन ठेवले, ही त्या प्रेक्षकाची मोठीच सोय झाली.

न्याय म्हणून हे सांगितले पाहिजे की चित्रपट ही सोय टिकू देत नाही. ‘छोरी’त शेवटी असे उघड होते की तो शहरी नवरा परका पाहुणा नाही, तो त्याच घरचा मुलगा आहे, आणि बायकोला तेथे आणण्यात त्याचा हात आहे. ड्रायव्हरचे घर आणि शहरातला फ्लॅट यांच्यामधील भिंत त्या क्षणी पडते. सबंध कृतीचे बळ या एका उलगड्यात आहे. आणि ट्रेलरला नेमका हाच उलगडा देता येत नाही. गुपिताच्या नियमाने येथे कथेचा आशय सरळ उलटा झाला आहे : चित्रपट ज्याला दोषी धरतो त्याला ट्रेलर निर्दोष सोडतो.

मग ट्रेलरने हे करूच नये काय, की त्याच्या प्रकृतीतच ते बसत नाही? राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ची (२०१८) प्ररोचना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारे, कथेची एक प्रेरणा नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेची, काळ १९१८ पासून १९४७ पर्यंतचा. अखंड कोसळणारा पाऊस, पडका वाडा आणि सोन्याच्या मुद्रा ही त्याची सामग्री. येथे ट्रेलर कारण लपवीत नाही. लोभ हे भयाचे कारण आहे, हे तो उघड सांगतो, आणि तरीही उत्कंठा कमी होत नाही. कारण कळले म्हणून भय मरत नाही, याचा हा पुरावाच मानावा. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा गोष्ट आधीच ठाऊक असलेला प्रेक्षकही त्याला लाभला. भयाच्या केंद्रस्थानी येथे पुरुष आहे, तो हास्यास्पद नाही, आणि त्याला जे गिळू पाहते ते त्याच्या स्वतःच्याच हातातले आहे. हस्तर या दैवताजवळ अमाप सोने आहे आणि धान्याचा कण नाही, ही कल्पनाही वर्गविचाराच्या दृष्टीने साधी नाही. पिठाच्या बाहुलीसाठी धावणाऱ्या भुकेल्या देवाच्या लंगोटातून माणूस सोने काढून घेतो.

उणीव राहते ती स्त्रीच्या बाजूने. झोप, नाहीतर हस्तर येईल, ही धमकी ट्रेलरने घरोघरी पोहोचविली. चित्रपटात ती त्या वाड्यातील शापित म्हातारीला झोपविण्यासाठी उच्चारावयाची आहे, आणि म्हातारीला भरविण्याचे, बांधून ठेवण्याचे, झोपविण्याचे काम विनायकच्या आईचे आहे. सरकारांच्या सेवेत तिने वर्षे काढली ती एका सुवर्णमुद्रेच्या आशेवर. ती मिळाल्यावरच ती मुलाला घेऊन पुण्याची वाट धरते. ट्रेलरमध्ये मुद्रांचा खणखणाट पुष्कळ आहे. त्यांतली तिच्या कष्टाची एक कोणती, हे पाहणाऱ्यास ओळखता येत नाही.